रानस्ट्रॉबेरी बियांपासून वाढवताना: पेरणी ते फळ, कोणत्या क्रमाने आणि कुठे चुकतं

रानस्ट्रॉबेरीचं बी उगवत नाही, ही तक्रार सारखी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष बियांचा नसतो. बी मातीखाली गाडलेलं असतं, किंवा उगवायच्या आत एखाद्या दुपारी ट्रे वरून वाळून गेलेला असतो, किंवा ‘महिना झाला, काहीच दिसत नाही’ म्हणून माती दुसऱ्या कुंडीत ओतून टाकलेली असते. यातून जी रोपं वाचतात, त्यांतली बरीच पुढे चुकीच्या खोलीवर लावल्यामुळे कुजतात. आणि काहींच्या कुंड्या पानांनी गच्च भरतात, पण फळ म्हणून दिसत नाही.

यातलं एकही काम अवघड नाही. क्रम मात्र पाळावा लागतो, कारण एका टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यावर भरून काढता येत नाही. गाडलेलं बी जास्त पाणी घालून वर येत नाही आणि कुजलेला गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात ते आखूड खोड, खत घालून बरा होत नाही.

हा लेख फ्रॅगॅरिया व्हेस्का या जातीपुरता आहे. जंगलाच्या कडेला, झाडांच्या विरळ सावलीत जमिनीलगत पसरणारी, साधारण वीतभर उंचीची, एक ते दीड सेंटिमीटरच्या अतिशय सुवासिक फळांची ही वनस्पती. मोठ्या फळांची लागवडीची स्ट्रॉबेरी वेगळी. तिचे नियम हिला लावले, तर इथूनच गाडी चुकते.

## १. आधी प्रकार ठरवा, मग बी घ्या

रानस्ट्रॉबेरीचे दोन प्रकार व्यवहारात भेटतात, आणि बहुतेक निराशा या निवडीतच रुजलेली असते.

पहिला प्रकार साधा जंगली. हा वर्षातून एकदाच फुलतो. दिवस लहान झाले आणि गारवा पडला की याच्यात फुलांच्या कळ्या आत तयार होतात, आणि त्या पुढच्या वसंतात उमलतात. उरलेला काळ तो रनर सोडत राहतो, म्हणजे जमिनीवरून धावणारी बारीक खोडं. पुरेसा गारवा मिळाला नाही तर हा प्रकार मजेत पसरतो, पण फुलत नाही.

दुसरा प्रकार डोंगरी, म्हणजे अल्पाइन. यात फुलण्याला लगाम घालणाऱ्या टीएफएल१ या जनुकातच बिघाड आहे, त्यामुळे हवामान सोसवेल तोवर हा प्रकार पुन्हा पुन्हा फुलत राहतो. याच्या बऱ्याच वाणांना रनर येत नाहीत, म्हणून ते बियांपासूनच वाढवले जातात. ‘रुगेन’, ‘अलेक्झांड्रिया’, ‘बॅरन सोलेमाखर’ हे लाल फळांचे वाण, आणि ‘यलो वंडर’ हा पिवळसर फळांचा. कुंडीत लावायचं असेल किंवा हिवाळा सौम्य असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की अल्पाइनच घ्या. साधा जंगली प्रकार झाडांखाली मोठी जागा आच्छादायची असेल तेव्हा कामाचा.

मोठ्या स्ट्रॉबेरीच्या फळावरचं बी काढून पेरण्याचा मोह टाळा. तिच्यात गुणसूत्रांचे आठ संच असतात आणि तिचे वाण संकरातून निवडलेले असतात, त्यामुळे बियांपासून येणारं रोप मूळ वाणासारखं निघत नाही. रानस्ट्रॉबेरीत दोनच संच असतात आणि ती स्वतःच्या परागांवर फळते. म्हणून तिच्या वाणांचं बी पेरलं, तर बहुतेक तोच वाण हाती येतो.

सावध: निळी, काळी किंवा सफरचंदाएवढी स्ट्रॉबेरी दाखवणारी बियांची पाकिटं फसवी असतात. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वात नाही.

तपासा: कुणी रोप देत असेल तर फूल बघून घ्या. रानस्ट्रॉबेरीचं फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं असतं आणि फळ पिकताना खाली झुकतं. फूल पिवळं असेल आणि फळ गोल, वर तोंड करून बसलेलं असेल, तर ती नकली स्ट्रॉबेरी, म्हणजे पोटेंटिला इंडिका. तिचं फळ विषारी नसतं, पण त्याला चवही नसते.

## २. उलटा हिशेब करून पेरणीची तारीख काढा

अल्पाइन प्रकारात पेरल्यापासून पहिलं फूल दिसेपर्यंत साधारण चार ते सहा महिने जातात. त्यात तीन ते चार आठवडे बी थंडीत, पुढचे दोन ते सहा आठवडे उगवण, आणि मग रोप अंगाला लागायला लागणारा वेळ. या रोपाला १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पारा तिशीच्या वर राहू लागला की फूल आणि फळधारणा मंदावते किंवा थांबते.

म्हणून आपल्याकडचा गार काळ कोणता ते आधी पाहा आणि रोपाचं वाढीचं वय त्यात बसवा. हिवाळा कडक असेल तर हिवाळा सरता सरता घरात पेरा, म्हणजे रोपं वसंतात बाहेर जातील. हिवाळा सौम्य आणि उन्हाळा तापट असेल तर उकाडा ओसरू लागताना पेरा, म्हणजे रोपं गार महिन्यांत वाढतील आणि उन्हाळा येईपर्यंत त्यांच्या मुळ्या खोल गेलेल्या असतील. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर केलेली पेरणी जवळजवळ नेहमी वाया जाते. इवल्या रोपाची मुळं इतकी उथळ असतात, की एक तापलेली दुपारही त्यांना पुरते.

## ३. पेरणीचं माध्यम: बारीक, हलकं आणि उपाशी

बी जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. त्याला जाडंभरडं माध्यम चालत नाही, ढेकळांच्या फटीत ते हरवतं. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग बारीक पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली वाळू, एवढं पुरतं. वरचा सेंटिमीटरभर थर मात्र चाळणीतून चाळूनच टाका.

कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण त्यात क्षार उरलेले असू शकतात आणि कोवळ्या मुळांना ते झोंबतात. शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यांतलं काहीही या टप्प्यावर घालू नका. पोषण नसल्यामुळे बियांचं अडत नाही. उलट खतासोबत आलेली बुरशी आणि चिलटं कोवळी रोपं एका रात्रीत आडवी करतात.

ट्रे उथळ चालेल, पाच-सहा सेंटिमीटर खोल, पण तळाला भोकं हवीतच. वर पारदर्शक झाकण लागेल. जुना ट्रे असेल तर साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवा.

माध्यम ट्रेमध्ये भरण्याआधीच भिजवा. कोरडं कोकोपीट भरून वरून पाणी घातलं, तर वरचा थर ओला दिसतो आणि आतला कोरडाच राहतो.

तपासा: मूठभर माध्यम घट्ट दाबा. गोळा व्हावा, बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब दिसावा. पाण्याची धार लागली तर ओलावा जास्त आहे, थोडा वेळ पसरून ठेवा.

## ४. पेरणी: बी टेकवायचं, पुरायचं नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे शांतपणे करा.

रानस्ट्रॉबेरीच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाशाची मदत होते. शिवाय बी इतकं लहान असतं, की अर्धा सेंटिमीटर माती वर ढकलायचीही ताकद त्याच्यात नसते. म्हणून ते पृष्ठभागावरच राहिलं पाहिजे.

भरलेल्या ट्रेचा पृष्ठभाग सपाट लाकडाने किंवा हाताने हलका दाबून सारखा करा. बारीक फवाऱ्याने वरचा थर ओला करा. आता बी एका घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर घ्या. पांढऱ्यावर ते नीट दिसतं: तपकिरी, थेंबाच्या आकाराचं, एका टोकाला निमुळतं. घडी तिरकी धरून कागदाला बोटाने हलक्या टिचक्या मारा, म्हणजे बिया एकेक करून पडतात. आणखी नेमकेपणा हवा असेल, तर दात कोरायच्या काडीचं टोक ओलं करा, त्याला एक बी चिकटतं, ते हव्या जागी टेकवा. दोन बियांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. ही काडीची पद्धत वेळखाऊ आहे, तरी मी तीच सुचवेन, कारण दाट पडलेली रोपं पुढे वेगळी करताना मुळं तुटतात.

सगळं बी पडलं की ओल्या बोटाने किंवा सपाट वस्तूने अलगद दाबा. बी आणि ओला थर यांचा स्पर्श पक्का झाला पाहिजे, एवढाच हेतू. वर काही टाकायचंच असेल तर बारीक व्हर्मिक्युलाइटची (ओलावा धरणारं हलकं, चकचकीत खनिज) अगदी झिरझिरीत पाखरण करा, जिच्यातून बी अधूनमधून दिसत राहील.

सावध: पेरल्यानंतर वरून झारीने पाणी घालू नका. बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं किंवा फटीत खोल जातं. इथून पुढे पाणी द्यायचं ते खालून. परातीत दोन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा, वरचा थर गडद दिसू लागला की उचलून निथळू द्या.

ट्रेवर वाणाचं नाव आणि पेरणीची तारीख पेन्सिलने लिहिलेली पट्टी खोचा. पेनाची शाई ओलाव्याने जाते.

## ५. थंडी: ओल्या बियांना, कोरड्या पाकिटाला नाही

पाकीट महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे थंडीची प्रक्रिया झाली, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. कोरडं बी फ्रिजमध्ये नुसतं टिकून राहतं. त्याच्या आतली सुप्तावस्था मोडायची असेल, तर बियांनी आधी पाणी प्यायलेलं असावं लागतं आणि मग गारवा मिळावा लागतो. जंगलातही तसंच घडतं: फळ गळतं, बी ओल्या पाल्यात पडतं, आणि त्यावरून हिवाळा जातो.

म्हणून आधी पेरणी, मग फ्रिज. पेरलेला ट्रे झाकण लावून, वर एक सैल पिशवी चढवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तापमान २ ते ५ अंश, काळ तीन ते चार आठवडे. फ्रीझरमध्ये ठेवू नका, भिजलेल्या बियांतलं पाणी गोठून आतला कोंब मरू शकतो.

ट्रेला जागा नसेल तर ओल्या टिश्यू कागदाच्या घडीत बी ठेवून ती घडी छोट्या डबीत बंद करा, आणि थंडी संपल्यावर पेरा. पण फुगलेलं बी कागदाला चिकटतं, उचलताना इजा होते. जमत असेल तर ट्रेचीच पद्धत बरी.

ताज्या अल्पाइन बियांचं थंडीवाचूनही बऱ्यापैकी उगवतं. तरीही मी हा टप्पा गाळत नाही. थंडी मिळालेलं बी साधारण एका वेळी उगवतं, न मिळालेलं महिना-दोन महिने रेंगाळत येत राहतं. मग एकाच ट्रेमध्ये चार पानांची रोपं आणि नुकते फुटलेले कोंब अशी खिचडी होते, आणि पाणी कोणाच्या हिशेबाने द्यायचं हेच कळत नाही.

तपासा: आठवड्यातून एकदा ट्रे बाहेर काढून ओलावा पाहा. फ्रिजमधली हवा कोरडी असते. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्याने काढून टाका आणि झाकण थोडा वेळ उघडं ठेवा.

## ६. उगवण: एक दिवसही वाळू द्यायचं नाही

ट्रे फ्रिजमधून काढून १८ ते २२ अंशांच्या उजेडाच्या जागी ठेवा. थेट ऊन नको, कारण झाकणाखाली ते अडकतं आणि आतलं तापमान बघता बघता चढतं. खिडकीचा उजेड कमी पडत असेल तर वर १५-२० सेंटिमीटरवर साधा पांढरा एलईडी दिवा रोज १४ तास लावा.

आता फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या: ओलावा आणि धीर. पाणी पिऊन जागं झालेलं बी एकदा जरी पूर्ण वाळलं, तरी ते मरतं. पुन्हा पाणी दिल्याने उठत नाही. बी पृष्ठभागावर असल्यामुळे सगळ्यात आधी वाळतो तो नेमका तोच थर. खाली माध्यम ओलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका, रोज सकाळी वरचा थर डोळ्यांनी पाहा. फिकट पडला असेल तर लगेच खालून पाणी द्या.

पहिले कोंब दोन आठवड्यांत दिसू शकतात, उरलेले सहाव्या आठवड्यापर्यंत येत राहतात. सुरुवातीला दिसतात ती दोन गोलसर बीजपत्रं, एकेक मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. भिंग असेल तर टोकावर टोपीसारखं अडकलेलं बियांचं कवचही दिसेल. ते ओढून काढू नका, फवाऱ्याने भिजवत राहा, ते आपसूक सुटतं.

साधारण निम्मी रोपं दिसली की झाकण रोज थोडं थोडं जास्त वेळ उघडं ठेवा, आणि पाच-सहा दिवसांत पूर्ण काढा. झाकण उशिरा काढलं तर रोपं कोलमडतात: जमिनीलगत देठ बारीक आणि पाणचट होतो आणि रोप आडवं पडतं. एकदा पडलेलं रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची असतील तर मेलेली माध्यमासकट काढा, वारा खेळू द्या आणि पाणी थोडं आवरा.

वर हिरवा शेवाळी थर धरला असेल तर तो काडीने सैल करून काढा. त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि कोवळी रोपं झाकली जातात.

सावध: सहा आठवड्यांआधी ट्रे रिकामा करू नका. एकही कोंब दिसला नाही तरी.

## ७. रोपं वेगळी करणं

बीजपत्रांनंतर येणारी खरी पानं दातेरी असतात. सुरुवातीची इवलीशी, मग हळूहळू तीन पर्णिकांचं ओळखीचं पान दिसू लागतं. दोन ते तीन खरी पानं झाली की रोप हलवण्याजोगं झालं. त्याआधी मुळं केसासारखी असतात.

आदल्या संध्याकाळी ट्रेला खालून पाणी द्या. छोट्या चमच्याच्या दांड्याने रोप मुळाखालच्या माध्यमासकट उचला. धरायचं ते पानाला, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर रोप गेलं.

पाच-सात सेंटिमीटरच्या कपांत किंवा प्रो-ट्रेमध्ये हलवा. या मिश्रणात आता थोडं पोषण हवं: कोकोपीट, पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि चाळलेलं गांडूळखत, शेवटचं एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नाही. लावल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा. या आठवड्यात वाढ थांबल्यासारखी वाटते. काळजी करू नका, मुळं आत काम करत असतात.

## ८. कायमची जागा: गड्डा नेमका मातीच्या पातळीवर

कपाच्या तळाशी मुळं दिसू लागली आणि पाच-सहा पानं झाली की रोप मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात जायला तयार. आधी आठ-दहा दिवस त्याला बाहेरच्या हवेची सवय करा: पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, मग रोज थोडं वाढवत.

जागा विरळ सावलीची हवी. सकाळचं चार ते सहा तासांचं ऊन आणि दुपारी सावली ही उत्तम. ‘जंगलातली आहे’ म्हणून गडद सावलीत लावणारे फसतात. तिथे पानं छान दिसतात, फळं मात्र मोजकी आणि आंबट. रानातही ती फळते ती कडेला आणि मोकळीकीत, जिथे ऊन गाळून येतं.

मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असावा, निचरा चांगला, सेंद्रिय अंश भरपूर. कुजलेला पालापाचोळा या झाडाला सगळ्यात जास्त आवडतो. पाणी जड, म्हणजे चुनखडीचं असेल तर काही महिन्यांनी कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता आहे. माती चुनखडी झाल्यामुळे त्यातलं लोह मुळांना घेता येत नाही. शक्य तिथे पावसाचं पाणी द्या, आणि पाल्याचं आच्छादन वाढवा. एका रोपाला १५ ते २० सेंटिमीटर रुंद कुंडी, वाफ्यात दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर.

वाफ्यात आधी टोमॅटो, बटाटा, वांगी किंवा मिरची होती का, ते आठवा. असेल तर तिथे लावू नका. व्हर्टिसिलियम नावाची मर रोगाची बुरशी या पिकांमागे मातीत वर्षानुवर्षं राहते आणि स्ट्रॉबेरीलाही धरते.

आता खोलीचा मुद्दा. सगळी पानं ज्या आखूड, जाडसर खोडातून फुटतात, तो गड्डा, म्हणजे क्राउन. त्याच्या मधोमध नवी घडीदार पानं डोकावत असतात. हा मधला भाग मातीत गेला तर तिथे पाणी साचून कुजतो. उलट गड्डा फार वर राहिला तर मुळांचा वरचा भाग उघडा पडून वाळतो. गड्ड्याचा मध्य मातीच्या पातळीला, आणि मुळं पूर्ण झाकलेली, हेच माप. खड्ड्यात मुळं दुमडून कोंबू नका. मध्ये मातीचा छोटा उंचवटा करून त्याच्यावर ती पसरा.

तपासा: लावल्यावर भरपूर पाणी द्या आणि अर्ध्या तासाने परत येऊन पाहा. माती बसून गड्डा खाली गेला असेल किंवा वर उघडा पडला असेल, तर तेव्हाच दुरुस्त करा.

वर दोन-तीन सेंटिमीटर पाला किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला, गड्ड्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडून. आच्छादनाने ओलावा टिकतो, मुळं गार राहतात आणि झुकलेली फळं मातीला लागत नाहीत. पाणी सकाळी, मुळाशी. माती कायम वाफशावर हवी, चिखल नको.

खताबाबत हात आखडता घ्या. महिन्याकाठी मूठभर गांडूळखत पुरतं. नत्र जास्त झालं तर पानं मोठी, गडद आणि लुसलुशीत होतात, मावा पडतो, आणि फूल लांबतं. कळ्या दिसू लागल्यावर पालाशयुक्त (पोटॅशचं) द्रवखत अर्ध्या मात्रेत पंधरा दिवसांनी द्या.

## ९. फुलोरा आणि परागीभवन

रोप लहान, पाच-सहा पानांचं असताना पहिला तुरा आला तर खुडा. मजबूत, भरगच्च रोपाची फुलं मात्र खुडायची गरज नाही.

फुलाच्या मधोमध पिवळा, उंचवट्यासारखा भाग असतो. त्यावर डझनावारी सूक्ष्म स्त्रीकेसर असतात आणि भोवती पुंकेसरांचं कडं. प्रत्येक स्त्रीकेसरापासून एक ‘बी’ होतं, आणि ते फळल्यावर आजूबाजूचा गर फुगवणारं संप्रेरक सोडतं. आपण खातो तो गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाग्र. म्हणून ज्या बाजूला पराग पोचले नाहीत, तिथे गर फुगत नाही आणि फळ एका अंगाने चेपलेलं, कडक राहतं. असं फळ दिसलं की लोक रोगाचं औषध शोधतात. रोग नसतो, मधमाशी आलेली नसते.

खिडकीत किंवा बंदिस्त गॅलरीत हे काम तुम्ही करा. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश आधी कडेच्या पुंकेसरांवरून आणि मग मधल्या उंचवट्यावरून गोल फिरवा. फूल उमलल्यापासून दोन-तीन दिवस, सकाळी उशिरा, पराग सुटे झाल्यावर. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना लागतो.

पानं भरपूर आणि फूल नाही, तर या क्रमाने पाहा: प्रकार साधा जंगली आहे का, ऊन चार तासांपेक्षा कमी आहे का, नत्र जास्त झालं का, उष्णता तिशीच्या वर आहे का. रनर येणारा प्रकार असेल आणि नवी रोपं नको असतील, तर रनर कापत राहा. त्यांच्यावर झाडाची बरीच शक्ती जाते.

कोरड्या उष्ण हवेत पानांच्या खाली लाल कोळी येतो, पान वरून बारीक ठिपक्यांनी फिकटतं. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा देणं हा पहिला उपाय. गोगलगाई रात्री फळं पोखरतात, त्यांना टॉर्च घेऊन वेचण्यासारखा खात्रीचा मार्ग नाही. फळावर करडी बुरशी दिसली तर ते फळ लगेच काढून दूर टाका, झाडाखाली पडू देऊ नका.

## १०. तोडणी

स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. रंग थोडा चढतो, पण साखर आणि सुवास वाढत नाही. म्हणून घाई केली तर महिन्याभराची मेहनत आंबट होते.

फळ पूर्ण रंगलेलं, देठाकडचा भागही पांढरा न उरलेला, आणि हलक्या हाताने ओढताच हिरवी टोपी झाडावर सोडून निघणारं, हे पिकल्याचं लक्षण. ओढावं लागत असेल तर आणखी एक दिवस थांबा. पिवळसर-पांढऱ्या वाणांत रंगावरून कळत नाही. तिथे वासाने आणि बोटाला लागणाऱ्या मऊपणाने ठरवा. पक्ष्यांचंही लक्ष या वाणांकडे कमी जातं, लाल फळांना मात्र जाळी लागते.

दर दुसऱ्या दिवशी तोडा. उथळ भांड्यात एकाच थरात ठेवा, खाण्याआधीच धुवा. फ्रिजमध्ये दिवस-दोन दिवसांपलीकडे ठेवण्यात अर्थ नाही, सुवास उडतो.

सावध: रानात वेचलेली फळं धुतल्याशिवाय खाऊ नका. ती जमिनीलगत असतात आणि प्राण्यांच्या विष्ठेचा संपर्क झालेला असू शकतो. रस्त्याच्या कडेची किंवा फवारणी होणाऱ्या जागेची तर घेऊच नका.

## ११. झाड जुनं होताना

तीन-चार वर्षांत गड्डा उंच आणि लाकडी होतो, फळं लहान होतात. गार काळाच्या सुरुवातीला झाड खणून काढा, माती झटका आणि गड्डा हाताने फोडा. प्रत्येक फुटव्याला स्वतःची पांढरी मुळं हवीत. मधला लाकडी भाग टाकून द्या, जुनी पानं काढा आणि फुटवे आठव्या टप्प्याप्रमाणेच लावा. रनर येणाऱ्या प्रकारात रनरच्या टोकाचं रोप ओल्या मातीच्या कपावर तारेने अडकवून ठेवा आणि मुळं धरल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, आईपासून कापा.

बी धरायचं असेल तर सगळ्यात निरोगी झाडाची, अगदी जास्त पिकलेली फळं घ्या. ती कागदावर चेपून पसरा आणि सावलीत वाळवा. गर वाळून पापुद्रा झाला की बोटांनी चोळा, बिया सुटतात, भुसा फुंकून काढा. मिक्सर वापरू नका, पात्यांनी बी चिरतं. दोन वाण शेजारी फुलत असतील तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. शुद्ध वाण हवा असेल, तर एका तुऱ्यावर कळी असतानाच बारीक जाळीची पिशवी बांधा आणि आतल्या फुलांवर ब्रश फिरवा. वाळलेलं बी कागदी पाकिटात, पाकीट हवाबंद डबीत, डबी फ्रिजमध्ये. पाकिटावर वाण आणि फळ तोडल्याचं वर्ष लिहा, आणि पेरताना ताज्या वर्षाचं बी आधी वापरा.